दुसऱ्याचं तांबं

“नाव वाचा, आणि ज्याचं त्याच्या दारात नेऊन ठेवा.”

तापीकाठच्या त्या गुजरांच्या गावात लग्न उरकलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात मीनाबाईंचं हे वाक्य ऐकू येई. घासलेली भांडी मांडवाच्या कडेने उपडी घातलेली असत. हंडे, गंज, पराती, वाट्यांच्या उतरंडी. एकट्याच्या भांड्यांवर कुणाचंच लग्न होत नसे. शेजारपाजार, भाऊबंद, नदीपलीकडचे ओळखीचे, सगळीकडून भांडी येत. मीनाबाई पाटावर बसत, चष्मा लावत, एकेक भांडं मांडीवर घेत आणि काठाखाली ठोकलेलं नाव मोठ्याने वाचत. ज्याचं नाव निघे त्याच्या घरची बाई पुढे येई. तीस वर्षांत एक चमचासुद्धा चुकीच्या घरी गेला नाही, असं त्या स्वतःच सांगत, आणि सांगताना त्यांची मान थोडी वर होई.

एका हंड्याचं तेवढं सांगत नसत. तो त्यांच्याच माळ्यावर होता.

एकोणीस वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं, भाविकाचं लग्न झालं, त्या लग्नातला तो हंडा. चांगला जुना, जाड पत्र्याचा, तांब्याचा. गळ्याखाली ठोकून ठोकून काढलेली अक्षरं: हिंमतराव, रनाळे. मीनाबाईंनी तेव्हा तीन वेळा नाव वाचलं. मांडवातल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणी पुढे आलं नाही. रनाळे नदीच्या त्या अंगाला, नंदुरबारच्याही पुढे. गावात रनाळ्याची कुणी सून नव्हती, निदान कुणाला माहीत नव्हती. मीनाबाईंनी आठवडाभर घरोघर विचारलं. मग दोन कार्डं लिहिली, नुसतं ‘हिंमतराव, रनाळे’ एवढ्याच पत्त्यावर. उत्तर आलं नाही. मग नवऱ्याचं दुखणं निघालं, नोकरी होती, पुढे गुडघे धरले. हंडा माळ्यावर गेला.

पण गेला म्हणून विसरला नाही. दर दिवाळीला त्या शिडी लावून तो खाली काढत, चिंचेने लख्ख घासत आणि पुन्हा वर ठेवत. त्यात पाण्याचा थेंबसुद्धा कधी भरला नाही. एका उन्हाळ्यात गावचं पाणी चार दिवस आलं नाही, बादल्या, पातेली, कुकर, सगळं भरून ठेवलं होतं. सून म्हणाली, “तो एवढा मोठा हंडा रिकामा आहे ना?” मीनाबाई म्हणाल्या, “तो आपला नाही.” सुनेने कपाळाला हात लावला.

त्यांची नोकरी लोणखेड्याला, कॉलेजच्या ग्रंथालयात. अठ्ठावीस वर्षं. पद शिपायाचं: कपाटं पुसायची, पुस्तकं लावायची, पोरांच्या पिशव्या बाहेर ठेवायच्या. शिक्षण दहावी. पण पुसायला हातात घेतलेलं पुस्तक उघडून न बघता परत ठेवणं त्यांना जमलं नाही. एका वर्षी शहाद्याच्या एका वकिलाच्या मुलांनी वडिलांची पुस्तकं कॉलेजला दिली. त्यात लॅटिन भाषेचा एक जाडजूड कोश होता, अर्थ इंग्रजीत दिलेले. तो कुणीच कधी उघडला नाही. मीनाबाईंनी उघडला. दुपारी वाचनालय ओस पडलं, की एका मांडीवर तो कोश आणि दुसऱ्या मांडीवर इंग्रजी-मराठी कोश, अशा त्या बसत. लॅटिनमधून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत, आणि मग मनातल्या मनात घरच्या गुजरीत. तीन नद्या ओलांडून शब्द आपल्या काठाला यायचा. आला की रद्दी पावत्यांच्या मागे टिपून ठेवायचा.

ग्रंथपाल हेमकांत सर एकदा मागे येऊन उभे राहिले. “मीनाबाई, पीएचडी करताय की काय?”

“मी पुसते ते वाचते, सर,” मीनाबाई म्हणाल्या. “तुम्ही सही करता ते तरी वाचता का?”

सर हसले, पण त्या दिवसापासून मागे येऊन उभे राहायचे बंद झाले.

त्या पावत्यांपैकी दोन त्यांनी वेगळ्या ठेवल्या होत्या. दोन्हीवर देणेकऱ्याचेच शब्द. पहिला ‘देबितोर’. देणेकऱ्याला इंग्रजीत असलेला शब्दही त्याच्यातूनच निघालेला. फोडून पाहिला तर त्यात दोन तुकडे होते, एकाचा अर्थ ‘पासून’ आणि दुसऱ्याचा ‘जवळ असणं’. दुसऱ्यापासून घेऊन आपल्याजवळ ठेवलेलं. मीनाबाईंना पटलं. कुणाकडून काही आणणं यात काही वाईट नाही, लग्नकार्य त्याशिवाय होत नाही. ठेवून बसला तो देणेकरी.

दुसरा शब्द आठ महिन्यांनी सापडला. ‘ओबेरातुस’. त्याचाही अर्थ देणेकरीच दिलेला, पण मूळ निराळं. मुळाशी होतं ‘एस’. एस म्हणजे तांबं, कासं. रोममध्ये छापाची नाणी पडायच्या आधी लोक या धातूचे तुकडे तोलून व्यवहार करत, आणि कर्जाला त्यांच्या भाषेत सरळ ‘दुसऱ्याचं तांबं’ म्हणत. त्या तांब्यापायी अडकून पडलेला माणूस तो ओबेरातुस. फिटेपर्यंत त्याने ज्याच्याकडून घेतलं त्याच्या शेतात राबायचं, अशीही रीत होती.

मीनाबाईंनी दोन्ही कोश मिटले. त्यांना गंमत वाटली नाही, राग आला. समुद्रापलीकडच्या, दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांना आपल्या माळ्यावरचा हंडा कसा कळला? त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी शिडी लावली आणि दिवाळीला चार महिने असताना हंडा घासला.

पुढे त्या निवृत्त झाल्या. नवरा आधीच गेला होता. मुलगा धर्मेंद्र बायकापोरांसह सुरतला, कापडाच्या कामात स्थिरावला. या वर्षी त्याने गावातलं घर विकायला काढलं, सौदा झाला, आणि रविवारी टेम्पो येणार असं ठरलं. बुधवारी तो सामान आवरायला आला. माळ्यावर चढला आणि वरूनच ओरडला, “आई, हा हंडा मोडीत देऊन टाकू. तांब्याला भाव आहे.”

“नाव कुणाचं आहे त्यावर?”

“वितळलं की नाव राहतं का, आई?”

मीनाबाईंनी खालून शिडी धरली होती. ती त्यांनी सोडली. धर्मेंद्र घाबरून म्हणाला, “अगं धर, धर!”

“हंडा आधी खाली दे,” त्या म्हणाल्या. “मग धरते.”

गुरुवारी सकाळी त्या निघाल्या. उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही त्यांच्याकडची पद्धत. म्हणून हंड्यात सव्वा किलो गहू आणि गुळाचा खडा घातला, वर नवा रुमाल बांधला आणि सगळं पोत्यात घातलं. धर्मेंद्र मोटरसायकल काढतो म्हणाला, पण त्या म्हणाल्या, ठेवला मी, नेईन पण मीच. शहाद्याहून प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या पुलावरून नंदुरबार, तिथे गाडी बदलून रनाळे. कंडक्टरने पोत्याला पाय लागला म्हणून विचारलं, “आजी, याचं तिकीट काढलं का?”

“त्याचं एकोणीस वर्षांचं बाकी आहे,” मीनाबाई म्हणाल्या. “माझं काढा.”

रनाळ्यात हिंमतरावांचं घर सापडायला वेळ लागला, कारण हिंमतराव तीन होते. तिसऱ्या घरी अक्षरं ओळखली गेली. भिंतीवर हार घातलेले दोन फोटो होते, एक हिंमतरावांचा, एक त्यांच्या मुलाचा. घरात आता नातू भाग्येश आणि त्याची बायको चेतना. मीनाबाईंनी ओसरीच्या पायरीवर पोतं सोडलं, रुमाल सोडला, आणि हंडा उन्हात असा चमकला की भाग्येश हातातलं काम टाकून उठून आला.

“आजानं नाव शे,” तो वाकून म्हणाला.

“मंग? ली ले ना, भाऊ,” मीनाबाईंनी त्याच्याच बोलीत सांगितलं. त्यांचा जीव इतका हलका झाला होता की पाणी मागायचंही सुचलं नाही.

चेतना दारातून पुढे आली. तिने हंडा पाहिला आणि तिचा चेहरा बदलला. “पायरीवर नका ठेवू, मावशी. उचला तो.”

“का व माय?”

“सासू सांगे ना, हाऊ हंडा धनुफुईले दिधेल शे. लगनमा. पोरले दिधेल भांडं बापना घरमा परत येत नही. येवाले नको.”

मग मीनाबाईंना समजलं. नाव देणाऱ्याचं होतं. हिंमतरावांनी लेकीला, भाग्येशच्या आत्याला धनुला, लग्नात दिलेला हंडा, त्यावर बापाचं नाव. अशी भांडी त्यांनी शेकड्यांनी वाचली होती, पण त्यावर मुलीचंही नाव असे. पूर्वी नावं ठोकणारा अक्षरावर पैसे घ्यायचा, आणि हिंमतराव बहुधा हात राखून असणारे गृहस्थ होते. लेकीचं नाव त्यांनी वाचवलं होतं.

“बरं, चुकलं मन्हं,” त्या म्हणाल्या. “तुमन्या फुईले द्या मंग. निरोप धाडा तिले.”

भाग्येशने रुमालाखालचे गहू पाहिले, गूळ पाहिला. “हाई काय शे? तुमले फुईनी धाडं का? खरं सांगा.”

“मी तुन्ही फुईले वळखतबी नही.”

“मंग हंडामा गहू कसाले शेतस? गूळ कसाले? ओटी भरीसन हंडा परत धाडस ती, म्हणजे नातं तोडी टाकं तिनी. आनि आते हिस्सा मांगाले मोकळी.” तो चेतनाकडे वळला. “मन्हा बाप सांगे ना, फुई एक दिन येई म्हणून? ऊनी.”

मीनाबाई सांगत राहिल्या: रिकामं देत नाही म्हणून घातलेत गहू, आमच्याकडे असंच असतं. कुणी ऐकेना. धनुने कधीतरी जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही दिली होती, त्यानंतर तिने माहेरी पाऊल टाकलं नव्हतं, आणि या घरात तेव्हापासून एकच भीती होती. एवढं मीनाबाईंना त्यांच्या भांडणातूनच कळलं. त्यांनी शेवटी विचारलं, “ती ऱ्हास तरी कोठे?”

“धडगावले,” चेतना म्हणाली. “कंपाउंडरनी बायको.”

मीनाबाई पायरीवर बसल्याच. कंपाउंडरीण! त्यांच्याच गावात एका डॉक्टरकडे कामाला असलेल्या कंपाउंडरची बायको. दोन-तीन वर्षं भाड्याने राहिली आणि नवऱ्याची नोकरी धडगावला गेली तशी निघून गेली. तिचं नाव, तिचं माहेर, कधी कुणी विचारलंच नाही. भाविकाच्या लग्नात राख आणि चिंच घेऊन ती सगळ्यांच्या आधी हंड्यांपाशी बसली होती. मांडवात. अगदी समोर.

त्या उठल्या. हंडा पायरीवरच ठेवून चालू लागल्या, कारण आता त्यांना काही समजेनासं झालं होतं आणि गुडघेही बोलत होते. स्टँडवर गाडी लागलेली. त्या आत बसतात तोच चेतना धापा टाकत आली, डोक्यावरचा पदर सुटलेला, काखेत हंडा. तिने तो खिडकीतून आत ढकलला, पोतंही ढकललं. “मावशी, तुमना पाय धरस, पन हाऊ लई जा.” एवढं म्हणून ती वळली. चार गहू सीटवर सांडले होते. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “आजी, लेकीकडून आंदण परत आलं वाटतं.” गाडी हसली. मीनाबाईंनी एकेक दाणा वेचून हंड्यात टाकला.

घरी धर्मेंद्रने हंडा परत आलेला पाहिला. आईचा चेहरा पाहून तो टेम्पोवाल्याला फोन लावायच्या निमित्ताने बाहेर गेला.

शुक्रवारी त्यांना उठवेना. पाय सुजले होते. दिवसभर त्या भिंतीला टेकून, खोक्यांच्या ढिगाशेजारी, हंड्याकडे बघत बसल्या. शनिवारी शहाद्याला येऊन धडगावच्या जीपमध्ये बसल्या. जीपमध्ये दहाच्या जागी पंधरा जण, हंडा मांडीवर. घाटाच्या प्रत्येक वळणाला तो त्यांच्या हनुवटीवर आदळत होता. सातपुड्याची झाडं नव्या पालवीने तांबूस झाली होती, खाली दूर तापीची रेघ होती. एरवी त्यांनी ते डोळे भरून पाहिलं असतं. आज त्यांना फक्त वळणं मोजायची होती.

धनुबाईचं घर जीप थांबते तिथून गल्लीत तिसरं. दोन खोल्या, पुढे शेणाने सारवलेला ओटा. समोरच्या घरची दगूबाई दारात कपडे धूत होती. तिने बोट दाखवलं. ओट्यावर एक साठीची बाई सूप घेऊन डाळ पाखडत बसली होती. कपाळ मोकळं. कंपाउंडरही गेला होता तर.

“व माय! मीनावहिनी?” धनुबाई उठली. मग तिने पोत्यातून डोकावणारा काठ पाहिला आणि पुन्हा बसली.

मीनाबाईंनी पाणी नको म्हणून सांगितलं. “हंडा तुन्हा शे.”

“माहीत शे माले.”

“माहीत शे? मी तीन येळा नाव वाचं व्हतं. तू समोर बठेल व्हती.”

“आयकं मी. तीन्ही येळा आयकं.”

“मंग बोलनी का नही?”

धनुबाईने सूप बाजूला ठेवलं. ती सावकाश सांगत गेली, कुणाचं तरी तिसऱ्याचं सांगावं तसं. बाप गेला. वर्ष झाल्यावर भाऊ म्हणाला, विजेचं मीटर आईच्या नावावर करायचंय, सही लागते. ती गेली, सही केली. जेवायला पुरणपोळी होती. चार महिन्यांनी नवऱ्याला कुणीतरी सांगितलं की तो कागद मीटरचा नव्हता. तिने भावाला विचारलं, तर त्याने साडी पाठवली. त्यानंतर रोज सकाळी हंडा भरायचा म्हटलं की बापाचं नाव डोळ्यांसमोर यायचं, आणि बापाच्या नावामागे भावाचं तोंड. मीनावहिनींकडे लग्न निघालं. लोक भांडी पोचवत होते. तिने हंडा नेऊन ठेवला आणि मनाशी ठरवलं, तिथेच राहू दे.

मीनाबाईंचा आवाज चढला. समोर दगूबाईचे कपडे आपटायचे थांबले. “तुले नको व्हता तर मोडमा दी टाकती! मन्हा घर कसाले? एकोणीस वरीस मी त्याले घाशी ऱ्हायनू. पानीसुद्धा नही पिधं त्यामा!”

“मोडमा कशी देऊ?” धनुबाई म्हणाली. “बापनं नाव शे त्यावर.”

हे मीनाबाईंचं स्वतःचंच उत्तर होतं, तीन दिवसांपूर्वी मुलाला दिलेलं, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांना स्वतःचाच संताप आला.

“ऱ्हाऊ द्या तुमनाजवळ,” धनुबाई हळू म्हणाली. “मी सोडं. तुमनाकडे मन्हं काही नही. सुखनी जा.”

“सोडाले मी मांगं व्हतं का?” मीनाबाईंनी हंडा तिच्याकडे सरकवला. आयुष्यात कुणी त्यांना काही माफ करावं अशी वेळ त्यांनी येऊ दिली नव्हती. फी, उधारी, शेजारची साखर, सगळं वेळेवर. आणि आज एका हंड्यासाठी कुणीतरी ओट्यावर बसून त्यांना सोडून देत होतं. “हात लाव त्याले. हात लाव आनि घरमा ले. मग मी जास.”

“नही, वहिनी.”

“उद्या मी सुरतले जाई ऱ्हायनू. दोन खोल्या शेतस तठे. मन्ह्याच भांड्यासले जागा नही.”

“मी काय करू?”

जीपवाल्याने गल्लीच्या तोंडाशी हॉर्न दिला. परतीची ती शेवटची गाडी होती, आणि ती सुटली की मुक्काम धडगावात. मीनाबाईंना कुठेतरी वाटत होतं की हॉर्न ऐकून तरी धनुबाई उठेल. ती उठली, पण आत गेली नाही, पुढेही आली नाही. चौकटीला धरून उभी राहिली.

मीनाबाईंनी पोतं काढलं, घडी करून काखेत घेतलं. हंडा ओट्याच्या मधोमध ठेवला, नावाची बाजू दाराकडे. रुमालाची गाठ एकदा सोडली, पुन्हा घट्ट बांधली. मग ओट्याची पायरी उतरायला भिंतीचा आधार घेतला, कारण उजवा गुडघा वाकत नव्हता, आणि गल्लीतून जीपकडे चालू लागल्या. मधेच थांबल्या, श्वास घेतला, पुन्हा निघाल्या. दगूबाई हातातलं ओलं लुगडं तसंच धरून बघत होती. चौकटीत धनुबाई बघत होती, मीनाबाईंची पाठ जीपच्या गर्दीत मिसळेपर्यंत, आणि हंड्याला अजून कुणी हात लावला नव्हता.